पान ते शेंडा : फुलोऱ्याच्या निरोपाची सत्तर वर्षे

१९३०च्या दशकाच्या मध्यावर, मॉस्कोत मिखाईल चैलाख्यान या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने शेवंतीच्या रोपांची वरच्या निम्म्या भागातली सगळी पाने खुडून टाकली. खालची पाने तशीच राखली. मग एकाच रोपाला एकाच वेळी दोन वेगळे ऋतू भोगायला लावले. काही रोपांत खालच्या पानांना आखूड दिवस आणि वरच्या उघड्या शेंड्याला लांब दिवस, तर काहींत याच्या नेमके उलट.

शेवंती आखूड दिवसांची. दिवस लहान होऊ लागले की ती कळी धरते. पानांना आखूड दिवस मिळालेल्या रोपांच्या शेंड्यांवर फुले आली, शेंडा स्वतः लांब दिवसात उभा असूनही. उलट मांडणीतल्या रोपांचे शेंडे आखूड दिवसात राहूनही नुसते वाढत राहिले. दिवसाची लांबी ओळखतात ती पाने, फूल मात्र घडते शेंड्यावर. आणि या दोहोंमध्ये वीतभर, कधी हातभर खोड असते. तेव्हा पानात काहीतरी तयार होऊन खोडातून वर जात असले पाहिजे, असा निष्कर्ष चैलाख्यान यांनी काढला. त्या न दिसलेल्या संप्रेरकाला त्यांनी ‘फ्लोरिजेन’ असे नाव दिले आणि १९३७पर्यंत त्याची सविस्तर मांडणीही केली. नाव मिळाले, पण पदार्थ हाती लागायला पुढे सत्तर वर्षे जावी लागली.

या कल्पनेची मुळे त्याआधीची होती. जर्मनीत युलियस झाक्स यांनी १८६५च्या सुमारास वेलींचे शेंडे अंधाऱ्या पेटीत वाढवून पाहिले होते. बाहेरची पाने उजेडात असतील, तर अंधारातल्या शेंड्यालाही फुले येत. पाने फुले घडवणारी काही द्रव्ये तयार करतात, असे झाक्स म्हणाले. पण ही द्रव्ये नेमकी कधी तयार होतात, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नव्हता. तो पडला विसाव्या शतकात. पॅरिसमध्ये झ्यूलियाँ तुर्न्वा यांना भांग आणि हॉप यांची रोपे हिवाळ्यात अवेळी फुलताना दिसली. कारण दिवसाचा आखूडपणा असावा, इथपर्यंत ते पोहोचले होते. पण १९१४मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ते रणांगणावर मारले गेले. हायडेलबर्गमध्ये गेऑर्ग क्लेब्स यांनीही कृत्रिम प्रकाश देऊन भर हिवाळ्यात रोपे फुलवली होती; १९१८मध्ये त्यांचाही मृत्यू झाला.

कोडे उलगडले ते अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या वाइटमन गार्नर आणि हॅरी अलार्ड या दोघांच्या हातून. त्यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. पहिली ‘मेरीलँड मॅमथ’ नावाच्या तंबाखूची. हे झाड शेतात उन्हाळाभर वाढतच राही, त्याला शंभराच्या आसपास पाने येत, पण थंडीपूर्वी फूल काही येत नसे. त्यामुळे बी धरायचे कसे, हा प्रश्न होता. तेच झाड हिवाळ्यात हरितगृहात मात्र कमी उंचीवरही फुलत असे. दुसरी अडचण ‘बिलॉक्सी’ सोयाबीनची. हे सोयाबीन वसंतात पेरा की उन्हाळ्यात, सगळे ताटवे सप्टेंबरातच एकदम फुलायचे. तापमान, ओलावा, खत असे एकेक कारण तपासून बाद झाले, तेव्हा १९१८च्या जुलैत त्यांनी एक अंधारी खोली उभी केली. कुंड्या रोज दुपारी आत ढकलायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढायच्या. कृत्रिम आखूड दिवस मिळालेल्या सोयाबीनने आणि तंबाखूने ऐन उन्हाळ्यात कळ्या धरल्या. १९२०मध्ये हे संशोधन छापून आले आणि वनस्पतींची दिनमानानुसार वाटणी सुरू झाली : आखूड दिवसांच्या, लांब दिवसांच्या आणि दिवसाशी देणेघेणे नसलेल्या. महाराष्ट्रातल्या उसाला पावसाळा सरताना तुरा येतो, त्यामागे हेच दिनमान आहे.

दिवस मोजतो कोण, याचे पहिले स्पष्ट उत्तर १९३४मध्ये जेम्स नॉट यांनी दिले, तेही पालकाच्या रोपावर. पालक लांब दिवसांचा. नॉट यांनी एका गटात फक्त पानांना लांब दिवस दिला, दुसऱ्या गटात फक्त मधल्या कोंबाला. फुलोऱ्याची तयारी पाने उजेडात असलेल्या रोपांतच सुरू झाली. चैलाख्यान यांनी याच धाग्याला ‘वाहता पदार्थ’ ही कल्पना जोडली.

१९३८मध्ये शिकागोत कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी या चित्रात मोठी भर घातली. त्यांचे झाड होते झँथियम. काटेरी फळे कपड्यांना आणि जनावरांच्या अंगाला चिकटतात, ते हे तण. आपल्याकडेही पडीक जमिनींवर ते माजलेले दिसते. झँथियमच्या एकाच पानाला एक पुरेशी लांब रात्र मिळाली, तरी अख्खे झाड फुलाकडे वळते. त्याहून नवल म्हणजे, त्या रात्रीच्या मध्यावर काही मिनिटांचा उजेड दाखवला की सगळे मुसळ केरात. दिवसाच्या मध्यावर काही वेळ अंधार केला, तर मात्र काहीच बिघडत नाही. ‘आखूड दिवसांचे’ झाड खरे तर लांब रात्र मोजत असते, हे त्यातून कळले. शेवंतीचे मळेवाले हाच नियम वापरून रात्री दिवे लावतात आणि फुले हव्या त्या हंगामापर्यंत लांबवतात.

चैलाख्यान यांच्या वाट्याला मात्र वेगळेच दिनमान आले. सोव्हिएत शेतीशास्त्रावर तेव्हा त्रोफिम लायसेंको यांची पकड घट्ट होत होती. गव्हाचे ओले बी थंडीत ठेवून लवकर ओंबी आणण्याच्या प्रयोगांवर त्यांची कीर्ती उभी होती, आणि वनस्पतीचा विकास संप्रेरकांनी चालतो ही मांडणी त्यांच्या सिद्धान्तात बसत नव्हती. चैलाख्यान यांच्यावर टीकेची झोड उठली, त्यांच्या कारकिर्दीत अडथळे आले, काही वर्षे त्यांना मॉस्को सोडून आर्मेनियात काम करावे लागले. त्यांनी फ्लोरिजेनची मांडणी मात्र सोडली नाही.

त्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष दिली ती कलमांनी. फुलावर आलेल्या झाडाची फांदी, नुसते एक पानसुद्धा, न फुललेल्या झाडावर बांधले की ते झाड फुले. हॉलंडमध्ये यान झेफार्ट यांनी १९५८मध्ये पेरिला या आखूड दिवसांच्या वनस्पतीचे पान तोडून, त्या सुट्या पानालाच आखूड दिवस देऊन, मग ते दुसऱ्या रोपावर बांधले. रोप फुलले. तेच पान काढून तिसऱ्या रोपावर बांधले; तेही फुलले. पानाला एकदा ‘शिकवले’ की ते शिक्षण त्या पानातच मुरते. झाड फुलल्यावर त्याला नवी येणारी पाने मात्र कोरीच निघत. कलमांनी आणखी एक भिंत पाडली. आखूड दिवसांची तंबाखू आणि लांब दिवसांची तंबाखू एकमेकींवर बांधल्या, तर एकीचा निरोप दुसरीला कळत होता. म्हणजे निरोप पाठवण्याच्या वेळा वेगळ्या असल्या, तरी निरोप एकच होता.

या कलमांची एक मोठी कसोटी शीतयुद्धाच्या काळात घेतली गेली. सेंट पीटर्सबर्गला जन्मलेले, नंतर जर्मनीत आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले अँटन लँग आणि मॉस्कोचे चैलाख्यान यांनी फ्रोलोवा या सहकारी संशोधिकेसह १९७७मध्ये संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. लांब दिवसांची तंबाखू आखूड दिवसात ठेवली, तर कलमाने जोडलेल्या शेजारणीचे फुलणे ती उलट रोखूनही धरते, असे त्यांना दिसले. पानातून ‘फुला’ असा निरोप जसा निघतो, तसा ‘थांबा’ असाही निघत असावा.

पण तो पदार्थ कुठे होता? फुललेल्या झाडांची पाने कुटून, मद्यार्कात भिजवून, गाळून, आटवून त्यांचे अर्क न फुललेल्या रोपांना लावले गेले. कॅलिफोर्नियात १९६१मध्ये झँथियमच्या अर्काला थोडे यश आल्याचे जाहीर झाले, पण तो परिणाम दुबळा होता आणि इतरांच्या हाती भरवशाने येईना. जिबरेलिन हे संप्रेरक हाती आले तेव्हा आशा पालवली. लांब दिवसांच्या कित्येक रोपांत त्याने फुलाचा दांडा वर काढला, आखूड दिवसांच्या बहुतेक झाडांवर मात्र त्याचा काही प्रभाव पडेना. वर्षे उलटली तसे कित्येकांना वाटू लागले की फ्लोरिजेन नावाचा एकच पदार्थ मुळी नाहीच. त्यांच्या मते, शेंड्याकडे जाणारी साखर आणि अनेक संप्रेरके यांचे प्रमाण जुळून आले की फूल लागते. या सगळ्या शोधात गृहीत धरलेली एक गोष्ट आड येत होती. ऑक्सिन किंवा जिबरेलिनसारखाच फ्लोरिजेनही एक छोटा, अर्कात उतरणारा रेणू असणार, असे जवळपास सगळे मानून चालले होते. शिवाय अख्खे पान कुटले की त्यातल्या कोणत्या ऊतीत काय घडत होते, हे शोधण्याची सोयच उरत नाही.

वाट फुटली ती मोहरीच्या कुळातल्या एका बारक्या तणातून. अराबिडॉप्सिस हे ते रोप. वीतभर उंच, दीड-दोन महिन्यांत बी धरणारे, लांब दिवसात लवकर फुलणारे. हंगेरीतून अमेरिकेत आलेल्या ग्यॉर्गी रेदेई यांनी मिसुरीत क्ष-किरणांनी त्याच्यात उत्परिवर्तने घडवून १९६२मध्ये उशिरा फुलणारी काही वाणे नोंदवली होती. त्यांतल्या एकाचे, ‘कॉन्स्टन्स’चे, फुलणे दिवस लांब झाला तरी लवकर होत नसे. जवळपास तीस वर्षे या वाणांकडे फारसे कोणी वळले नाही. मग १९९१मध्ये हॉलंडमधल्या वाखेनिंगेन इथे मार्टेन कोर्नीफ आणि सहकाऱ्यांनी उशिरा फुलणाऱ्या वाणांची पद्धतशीर छाननी करून दहाहून अधिक जनुकांच्या जागा वेगळ्या काढल्या. त्यांत एक होती ‘एफटी’. त्याच वर्षाच्या अखेरीस चैलाख्यान यांचे निधन झाले.

पुढची पावले झपाझप पडली. ‘कॉन्स्टन्स’ हे जनुक इंग्लंडमधल्या नॉर्विच इथे जॉर्ज कूपलँड यांच्या गटाने १९९५मध्ये वेगळे केले. ‘एफटी’ १९९९मध्ये दोन ठिकाणी एकदमच हाती लागले : क्योटोत ताकाशी अराकी यांच्या आणि कॅलिफोर्नियात डेटलेफ वायगल यांच्या प्रयोगशाळेत. ‘एफटी’पासून बनणारे प्रथिन अवघे १७५ अमिनो आम्लांचे.

पान रात्र कशी मोजते, त्याचेही कोडे सुटू लागले. ‘कॉन्स्टन्स’ जनुकाचा संदेश पानातल्या घड्याळाच्या तालावर दिवस कलताना वाढतो. त्या वेळी उजेड असेल, तर बनलेले प्रथिन टिकते आणि ‘एफटी’ला जागे करते. अंधार पडलेला असेल, तर पेशी ते प्रथिन तोडून टाकते. लांब दिवसातच संध्याकाळपर्यंत उजेड असतो, म्हणून अराबिडॉप्सिस लांब दिवसात फुलते. भातात याच जनुकाचा भाऊबंद आहे. लांब दिवसात तो उलट वागतो, म्हणजे फुलणे रोखतो; म्हणून भात आखूड दिवसात निसवतो.

आणि मग शास्त्रज्ञांनी कोणते जनुक, यापुढे जाऊन विचारले : कोणत्या ऊतीत? २००४मध्ये कूपलँड यांच्याच गटाने ‘कॉन्स्टन्स’ वेगवेगळ्या ठिकाणी मुद्दाम चालू करून पाहिले. पानाच्या शिरांमधल्या रसवाहिन्यांच्या साहाय्यक पेशींत ते चालू केले की झाड लवकर फुले. नेमक्या शेंड्यावर चालू केले, तर काहीही परिणाम होत नसे. ‘एफटी’चे मात्र वेगळे होते. ते रसवाहिनीत चालू करा की शेंड्यावर, झाड फुलतच असे. याचा अर्थ सरळ होता. ‘कॉन्स्टन्स’ शिरेत बसून काम करते, तिथून पुढे जात नाही; ‘एफटी’ शिरेत तयार होते आणि त्याचे काम असते शेंड्यावर. वर्षभरात अराकी आणि वायगल यांच्या गटांनी शेंड्यावरचा जोडीदारही शोधला. ‘एफडी’ हे प्रथिन शेंड्याच्या ऊतीत आधीच वाट पाहत असते. ‘एफटी’ त्याला येऊन भेटले की दोघे मिळून फूल घडवणारी जनुके चालू करतात.

आता फक्त एक दुवा उरला होता : शिरेतून शेंड्यापर्यंत प्रवास करते ते नेमके काय? सप्टेंबर २००५मध्ये स्वीडनमधल्या उमेओच्या प्रयोगशाळेतून उत्तर आले. ‘एफटी’चा संदेशवाहक आरएनए पानातून शेंड्यावर जातो, असे त्या निबंधात म्हटले होते. ‘सायन्स’ नियतकालिकाने त्या वर्षातल्या ठळक शोधांमध्ये फुलोऱ्याच्या संदेशाची नोंद केली. मात्र पुढे त्याच गटाला आपले निष्कर्ष पुन्हा मिळेनात. मूळ मोजमापे तपासल्यावर काही आकडे वगळलेले आणि काहींना वेगळे वजन दिलेले आढळले. योग्य पद्धतीने मांडल्यावर बहुतेक फरक नाहीसे झाले. एप्रिल २००७मध्ये सहलेखकांनी निबंध मागे घेतला. पहिल्या लेखकाची त्याला संमती नव्हती.

त्याच महिन्यात दोन निबंध पुढे आले आणि त्यांनी निकाल लावला. तोवर जर्मनीत कोलोन इथे गेलेल्या कूपलँड यांच्या गटाने ‘एफटी’ प्रथिनाला हिरवे चमकणारे प्रथिन जोडले, कलमे बांधली आणि ते प्रथिन जोड ओलांडून दुसऱ्या रोपात पोहोचताना पाहिले. जपानमध्ये नारा इथे को शिमामोतो यांच्या गटाने भातातल्या ‘एचडी३ए’ या तशाच प्रथिनाबाबत हेच दाखवले : संदेश पानाच्या रसवाहिनीत लिहिला जातो, प्रथिन शेंड्यात दिसते. फ्लोरिजेन छोटे संप्रेरक नव्हते, तर प्रथिन होते. अर्क काढण्याच्या जुन्या पद्धतींत ते टिकण्याची, आणि टिकले तरी पानावर चोपडून शेंड्यापर्यंत पोहोचण्याची, आशा फारशी नव्हतीच.

२००७ नंतरचे काम ऊतींच्या या वाटणीत आणखी खोल गेले. साहाय्यक पेशीतून रसवाहिनीत शिरण्यासाठी ‘एफटी’ला दुसऱ्या एका प्रथिनाचा आधार लागतो, हे सिंगापूरच्या संशोधकांनी २०१२मध्ये दाखवले. शेंड्यावर पोचल्यावर ते ‘एफडी’ला थेट भेटत नाही, मध्ये आणखी एक प्रथिन दुवा बनते, हे शिमामोतो यांच्या गटाने २०११मध्ये भातात सिद्ध केले. पानातही सगळ्या पेशी सारख्या नाहीत. क्योटोचे मोतोमु एंडो आणि सहकारी यांनी आधीच दाखवले होते की पानाच्या मधल्या मांसल थरातला फायटोक्रोम हा प्रकाशग्राही रेणू शिरांमधल्या ‘एफटी’ला दाबून ठेवतो, तर निळा प्रकाश ओळखणारा रेणू खुद्द शिरांमध्ये बसून फुलण्याला गती देतो. २०१४मध्ये त्यांनीच शिरांमधले घड्याळ फुलण्याची वेळ ठरवण्यात निर्णायक असल्याचे दाखवले. पानाच्या बाहेरच्या त्वचेतले घड्याळ पेशींची लांबी वाढवण्याच्या कामात गुंतलेले असते.

थंडीचा हिशेबही असाच वाटून घेतलेला आहे. दिवस पान ओळखते, तर थंडी प्रामुख्याने शेंडा ओळखतो, हे सेलरीच्या नुसत्या कोंबाला गारवा देऊन १९३०मध्येच दिसले होते. अराबिडॉप्सिसच्या हिवाळ्याची वाट पाहणाऱ्या वाणांत ‘एफएलसी’ हे जनुक रखवालदाराचे काम करते. २००६च्या संशोधनानुसार ते दोन ठिकाणी पहारा देते : पानात ‘एफटी’ला दाबते आणि शेंड्यावर ‘एफडी’ला. कित्येक आठवडे थंडी मिळाली की त्याच्यावर रासायनिक खुणा बसतात आणि ते मिटते. पेशी पुढे विभागत राहिल्या तरी ती मिटलेली अवस्था टिकते, आणि वसंतात नवी पाने येतात ती ‘एफटी’ला मोकळीक देणारी असतात.

फ्लोरिजेनच्या कुळाचे काम फुलांपुरते नाही, हा अलीकडचा धडा. पण त्याची चाहूलही चैलाख्यान यांनाच लागली होती. १९८१मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फुलावर आलेल्या तंबाखूच्या फांद्या बटाट्याच्या रोपांवर बांधल्या, तेव्हा जमिनीखाली बटाटे धरले. २०११मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी त्यामागचे जनुक दाखवले : ‘एफटी’चा एक भाऊबंद पानातून खाली, जमिनीतल्या फांद्यांच्या टोकाशी जातो आणि तिथे कंद फुगवतो. २०१३मध्ये न्यूझीलंडमधून कांद्याचा उलगडा झाला. कांद्यात ‘एफटी’सारखी सहा जनुके सापडली. त्यांतले एक दिवस लांब झाल्यावर कांदा पोसायला लावते, दुसरे त्याला रोखते, आणि तिसरे थंडी खाल्लेल्या कांद्याला फुलाच्या दांड्याकडे वळवते. नाशिक-लासलगावचा शेतकरी ज्यांना डेंगळे म्हणतो, ते हेच दांडे. डेंगळे आलेला कांदा बाजारात भाव घेत नाही. युरोपातले लांब दिवसांचे वाण आपल्याकडच्या आखूड दिवसांत कांदा धरत नाहीत आणि इथे आखूड दिवसांचेच वाण लावावे लागतात, त्याचेही मूळ याच जनुकांच्या दिनमानाच्या हिशेबात आहे. कांदा पोसणारे जनुक वेळेवर चालू व्हावे आणि डेंगळा काढणारे झोपलेले राहावे, अशी वाणे निवडताना आता या जनुकांच्या खुणा आधार म्हणून वापरता येतात.